छनछन कुठं गेली?

"अरे, ती छनछन कुठं गेली? खाल्ली ना तुझ्या कंप्युटरनं!"

दादा असा ओरडला की कासारवाडीतली कबुतरं उडाली ती थेट रावेतला जाऊन बसली, अजून परतलेली नाहीत. दुपार होती, गुरुवार होता, म्हणजे चाकणच्या त्याच्या कंपनीला सुट्टी. मी हिंजवडीतला आयटीवाला, त्या दिवशी घरून काम करत होतो, म्हणजे काम सोडून बाकी सगळं.

लहानपणी आमच्याकडं टीव्हीला जोडायचा गेमचा डबा होता. त्या डब्याची हुबेहूब नक्कल करणारा एम्युलेटर मी लॅपटॉपवर टाकला, आमची जुनी जंगलाची लेव्हल लावली आणि हेडफोन दादाच्या हातात दिला. त्या लेव्हलच्या गाण्याच्या मागं झांज वाजल्यासारखी एक बारीक छनछन होती. दादा तिच्या तालावर उड्या मारायचा आणि अख्ख्या आळीत कुणाला हार जायचा नाही.

"सूर हाय, ढोल हाय, छनछन न्हाई," दादा म्हणाला. "आन मला शिकवू नको. कान हाय माझा."

कानाचा विषय आमच्या घरी नाजूक. दादा पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर डाय, म्हणजे साचा, बसवतो. प्रेस म्हणजे काय, तिचा एक ठोका पडला की आळंदी रस्त्यावरच्या टपऱ्यांतला चहा कपातून बशीत येतो. ठोक्याच्या आवाजावरून दादा सांगणार, डाय नीट बसली की वाकडी. कंपनी कानात घालायला दोन प्लग देते, पण त्यांच्या लाइनवरचे सगळे एकच घालतात, उजव्या कानात. डावा उघडा, मशीन ऐकायला. कंपनीत कानाची तपासणी निघाली की दादाचं कधी पोट दुखायचं, कधी पाहुणे यायचे. भीती एकच: नापास झालो तर प्रेसवरून उचलतील आणि स्टोअरमध्ये नटबोल्ट राखत बसवतील.

मी सेटिंग उघडलं. सॅम्पल रेट अकरा हजारांवर! "सापडला चोर!" मी टेबल बडवलं. "दादा, हे यंत्र एका सेकंदातल्या आवाजाचे काप करतं. काप जाड झाले की बारीक आवाज निसटतात. तुझी छनछन त्यातच गेली."

"मग बारीक काप की, राव."

बावीस हजार केले. "न्हाई." चव्वेचाळीस. "न्हाई." अठ्ठेचाळीस. "न्हाई म्हंतो ना!"

आता मलाच चैन पडेना. हेडफोन ओढून स्वतःच्या कानाला लावला. छनछन! इतकी लख्ख की दाढेतलं सिमेंट हललं. वहिनींना दिला.

"येतंय की भावजी. बांगड्या वाजल्यासारखं."

दादानं हेडफोन हिसकावला आणि तेव्हा माझं लक्ष गेलं. तो एकच वाटी कानावर दाबून धरत होता, डाव्या. दुसरी गालाजवळ लोंबत होती. काही नीट ऐकायचं म्हटलं की डावा कान पुढं, ही प्रेसवरची सवय.

"दादा, उजव्याला लाव."

"का?"

"लाव तर."

लावला. त्याचा पाय आपोआप हलायला लागला. "आली! आली की रं!" तो खुर्चीतून उठला, त्याच आनंदात वाटी डाव्याला लावली आणि पाय थांबला. पुन्हा उजव्याला. पाय सुरू. पुन्हा डाव्याला.

माझं कुतूहल काही गप्प बसेना. वाटी डाव्यालाच ठेवायला सांगितली आणि रेट गुपचूप अकरा हजारांवर आणला. मग परत अठ्ठेचाळीसवर.

"काय फरक केलास?" दादानं विचारलं.

त्याचा डावा कान स्वतःच अकरा हजारांवर बसला होता आणि त्याचं सेटिंग कुठल्याच मेनूत नव्हतं. मी लॅपटॉपचा पडदा वहिनींकडं वळवला.

"अहो, आता तरी जाल का तपासणीला?" वहिनी म्हणाल्या.

दादानं हेडफोनची वायर नीट गुंडाळून ठेवली.

पुढच्या गुरुवारी तो गेम खेळायला येऊन बसला. मी आपला सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय म्हणाले?"

"डावा अर्धा गेलाय. प्रेसवरच ठेवलंय. दोन्ही कानांत घालायचं, या बोलीवर."

"मग डाय बसलेली कशी कळते?"

"पायाला कळतं."