वाटीतला बर्फ

भर मे महिन्यात मी कानटोपी घेऊन कामाला जाते. रिक्षावाले काका आरशातून बघतात. "काश्मीर का मॅडम?" जवळपास तेच. आमच्या प्रयोगशाळेच्या शीतखोलीत हिमालयातल्या हिमनद्यांतून ड्रिल करून काढलेले बर्फाचे लांब दांडे असतात. प्रत्येक वर्षाचा एक थर. तो वितळवून पाण्यातल्या जड आणि हलक्या ऑक्सिजनचं प्रमाण मोजलं, की त्या वर्षी वर किती थंडी होती ते कळतं.

यंदा ज्या हिमनदीचा दांडा आला, तिच्यावर कित्येक वर्षांपूर्वी चढाईला गेलेला माझा दादा परतलाच नव्हता. काही सापडलंही नाही. निघताना दारातून तो "आई, येतो" म्हणाला होता. मिक्सर चालू होता, आईचं "ये" म्हणायचं राहून गेलं. तेव्हापासून कात्रजच्या आमच्या फ्लॅटच्या दाराला ती कडी लावू देत नाही. दार नुसतं लोटलेलं. मला त्या दाराची भीती वाटते, पण तिला कोण सांगणार!

दादा गेला त्या वर्षाचा थर माझ्याच वाट्याला आला. बुडबुड्यांच्या पांढऱ्या बर्फात मधोमध काचेसारखी पट्टी होती. म्हणजे त्या उन्हाळ्यात वरचा बर्फ वितळून पुन्हा गोठला होता. मोजमापही तेच सांगत होतं. मापायच्या आधी थराची बाहेरची बाजू तासून टाकतात. ती सालपटं मी विचारून थर्मासमधून घरी आणली.

"त्या वर्षी वर फार ऊब होती गं," मी आईला म्हटलं. "भेगांवरचा बर्फ कच्चा झाला असणार. पाय ठेवला की संपलं."

सालपटं तिने वाटीत ओतली. दुपार होती, पंखा बंद होता. बर्फ तडतडू लागला. कोंडलेली जुनी हवा सुटते, हे मला पाठ आहे, तरी अंगावर काटा आला. आईने वाटीला कान लावला.

"श्वास घेतोय," ती म्हणाली.

लोटलेलं दार किंचित उघडलं. वारा असेल. मी तिकडे बघितलं नाही.

"ये हं बाळा," आई वाटीवर वाकून म्हणाली.

मला दरदरून घाम फुटला. ती त्याला बोलावत होती असंच वाटलं.

तडतड थांबली. आईने पाणी तुळशीला घातलं आणि दाराशी जाऊन उभी राहिली, पाहुणा जिना उतरेपर्यंत आपण थांबतो तशी. मग तिने कडी लावली.