नोझलची शिट्टी

मारेगावात अब्बांचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. नोझल तुंबलं की ते तोंडाला लावून जोरात फुंकायचे. आतला कचरा निघाला की बारीक शिट्टी वाजायची. ती ऐकली की गिऱ्हाईक पंप उचलायला उठायचं. माझं सगळं लहानपण त्या शिट्टीत गेलं. घरी आम्ही हिंदी बोलायचो. दुकानात मात्र अब्बा माझ्याशीसुद्धा वऱ्हाडीच बोलायचे.

पांढऱ्या माशीने कपाशीवर धुमाकूळ घातला त्या वर्षांत दुकानात पंपांची रांग लागायची. संध्याकाळी अब्बांचे डोळे चुरचुरायचे, डोकं गरगरायचं. ऊन लागलं, म्हणायचे. मी तेव्हा वणीला बीएस्सी करत होते. एकदा बाईंनी वर्गात त्या माशीवरच्या एका औषधाबद्दल सांगितलं. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यात एक एन्झाइम असतं. ते अक्षरशः चाकासारखं फिरतं आणि जगायला लागणारी ऊर्जा तयार करतं. औषध त्यालाच अडवतं. ते चाक माणसातही असतं, असं बाई म्हणाल्या आणि पुढचं मला काही ऐकूच आलं नाही.

एसटीतून उतरून थेट दुकानात गेले. "अब्बा, नोझल फुंकू नका."

"काहून? इतके वर्षं फुंकून राह्यलो, मले काय झालं?" मग गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाले, "बीएस्सी करून राह्यली अन् पयले बापाचंच तोंड बंद करते!"

सगळे हसले. माझं डोकंच फिरलं. पडदा, एन्झाइम, सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. अब्बांनी दुसरं नोझल उचललं. शेवटी मी ओरडले, "तुमच्या आतलं चाक जाम होईल!"

त्यांचा हात थांबला. जाम झालेल्या वस्तू सोडवण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"अन् मंग ते खोलता येते काय?"

"नाही."

अब्बांनी नोझल खाली ठेवलं आणि मागून सायकलचा पंप आणला.

त्यानंतर दुकानात नुसतं फुस्सफुस्स ऐकू यायचं. शिट्टी मीच बंद केली होती, आणि तिची सगळ्यात जास्त आठवणही मलाच यायची.

माझा निकाल लागला त्या दिवशी दुकानात पेढे घेऊन गेले. अब्बांनी खिशातून पाकीट काढून फोडलं. आत कोरं नोझल होतं.

"नवं हाये. औषद लागलं नाही याले," ते भीत भीत म्हणाले. "वाजवू काय?"

मी पाठ फिरवून डोळे पुसले. "एकदाच," म्हटलं.