मामींनी प्यायलेला गाळ

मामींइतकं मनापासून घाबरणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. पार्ल्याला आमच्या बिल्डिंगमध्ये त्या शेजारी राहायच्या. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायच्या आणि कोपऱ्यावरून परत येऊन चौथ्यांदा. "हसा, हसा," म्हणायच्या, "मी घाबरते म्हणून तुमचं निभावतं." आम्ही हसायचोच.

अशा बाईचा एकुलता एक मुलगा, नंदू, बोटीवर इंजिनियर झाला. तेव्हा इराण-इराकची लढाई चालू होती, तेलाच्या बोटींवर हल्ले होत होते आणि नंदूची बोट नेमकी तेलाची. मामी स्वतः पेपर उघडायच्या नाहीत. मला वाचायला लावायच्या आणि बजावायच्या, "आधी मनात वाच. मग सांग."

जाण्याआधी नंदूने आईचं युरोपच्या टूरचं बुकिंग केलं होतं. सोबतीला मी होते. निघायच्या वेळी पाच आठवडे त्याचं पत्र नव्हतं. मी म्हटलं, "मामी, रद्द करूया का?"

"नको गं. रद्द केलं तर मी काहीतरी धरून चालले असं होईल."

पहिला मुक्काम इस्तंबूल. एका छोट्या दुकानात आम्हाला तिथली कॉफी दिली. बोटभर उंचीचे कप, दुधाचा थेंब नाही, तळाशी चिखलासारखा गाळ. "हा तर काढा," मामी पुटपुटल्या, पण घोट घोट घेत राहिल्या. मग टूर मॅनेजरने गंमत सांगितली. गाळ टाकायचा नाही, कप बशीत उपडा करायचा. दुकानदाराची म्हातारी आई त्यातल्या आकृत्या बघून दूर असलेल्या माणसांचं काय चाललंय ते सांगते.

मामी सोडून सगळ्यांनी हौसेने कप उपडे केले. म्हातारी एकेकीचं सांगत मामींसमोर येऊन बसली. मागून कुणीतरी ओरडलं, "मामी, नंदूचं विचारा!"

मामींचा चेहरा पांढरा पडला. म्हातारीने कपासाठी हात पुढे केला. एकदम मामींनी समोरचं पाणी कपात ओतलं, चमच्याने गाळ ढवळला आणि डोळे मिटून सगळा पिऊन टाकला. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी बोट फिरवून कप पुसून घेतला. सगळे खो खो हसले. मला मामींची लाज वाटली, ते आता सांगायलाही लाज वाटते.

बाहेर आल्यावर त्यांनी माझा हात घट्ट धरला. "काही वाईट दिसलं असतं म्हणजे?"

पुढचे दहा दिवस त्या जातील तिथे नंदूसाठी खरेदी करत होत्या.

परतलो तेव्हा विमानतळावर मामींचे भाऊ एकटेच उभे होते. कंपनीची तार येऊन आठवडा झाला होता. परक्या देशात बहिणीला कसं सांगायचं, म्हणून ते गप्प राहिले होते. आम्ही कॉफी प्यायलो त्याच्या आदल्या दिवशी बोट जळाली होती. नंदू गेला होता.

तेराव्यानंतर मी मामींकडे गेले. पलंगावर पट्टा, दाढीचं सामान, निळा स्वेटर मांडून त्या बसल्या होत्या.

"तो नसताना मी दहा दिवस त्याची आई होते गं," त्या म्हणाल्या. "म्हातारी बोलली असती तर तेवढेही मिळाले नसते."

मामी स्वेटरची बाही सरळ करत राहिल्या. "एक माप मोठाच घेतला. बोटीवर वजन वाढतं त्याचं."