मल्लेशम काका आणि रबराची गादी

मल्लेशम काकांना काहीही विचारलं, की ते आधी यो-यो सोडायचे. मधल्या बोटाला दोरीचा फास, मनगटाला एक झटका. यो-यो खाली जाऊन दोरीच्या टोकाला जागच्या जागी फिरत भोवऱ्यासारखा गाढ झोपायचा, आणि बोट जरा हललं की टपकन तळहातात परत. मग उत्तर. "काका, जेवलात का?" एवढ्याशा प्रश्नालाही एक फेरी व्हायची. उभं आयुष्य टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग दुरुस्त करण्यात गेलेला हा माणूस सोलापुरात, पूर्व भागात, आमच्या शेजारी राहायचा. घरात तेलुगू, दारात मराठी. त्यांना जाऊन आता सव्वा वर्ष झालं.

आमची ओळख माझ्या मूर्खपणामुळे झाली. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, कॉलेजच्या ऑफिसात बोनाफाईड दाखले लिहिता लिहिता, मला यो-योचं वेड लागलं. मोबाईलवर बघून मी एक झकास यो-यो मागवला, कडेला मऊ रबराची रिंग असलेला. गच्चीवर उभं राहून पहिला झटका मारला आणि मग लक्षात आलं, की फास बोटात घालायचाच राहिलाय. यो-यो उडाला तो थेट काकांच्या अंगणात, राजमणी काकूंनी वाळत घातलेल्या पापडांवर. मी खाली धावलो तेव्हा काका तो अंगठ्यानं दाबून बघत होते.

"का बे, याला गादी कुणी घातली?"

जाहिरात माझी पाठ होती. मी ती म्हणून दाखवली. हाताला लागत नाही, फरशीला लागत नाही, पडला तरी पोचा येत नाही, आणि वजन कडेला असल्यामुळे जास्त वेळ फिरतो. काकांनी एकदा सोडून बघितला. "झोपतंय लई वेळ," त्यांनी कबूल केलं. "आता तू दाखव."

मी दाखवला. यो-यो जरासा कलला, दोरी रबराला टेकली, रबरानं ती धरली, आणि तो मधूनच उसळून माझ्या दातांवर आला. दात शाबूत राहिले. जाहिरातीतला पहिला मुद्दा तिथंच सिद्ध झाला.

काका हसले नाहीत. हसल्या त्या काकू, पापडाचे तुकडे वेचता वेचता. "मागावर कापड वढून घ्यायला रूळ असतंय," काका म्हणाले. "त्याला रबर लावतात. का? कापड सुटू नये म्हणून. रबर धरायला असतंय बे. जिथं सुटायचंय तिथं कशाला लावायचं?"

त्यांचा स्वतःचा यो-यो बाभळीचा, लाकूड कातणाऱ्या खराद्याकडून करून घेतलेला. दोरी सुताला स्वतः पीळ देऊन केलेली. पीळ बरोबर बसला की नाही ते ते दोरी ओठांवरून ओढून ठरवायचे. फिरतं लाकूड त्यांच्या तळहाताच्या कडेवरून लोण्यासारखं घसरत जायचं. माझं रबर कातडीला चिकटून जागच्या जागी मरायचं. शिवाय घराघरांत माग चालणारी आमची गल्ली. हवेतला सगळा कापूस त्या रबरावर येऊन बसायचा. मे महिन्यात तर आतला गोंद वितळून रिंगच गळून पडली. "सोलापुरात उन्हाळ्यात गादीवर कोण झोपतंय सांग," काका म्हणाले. मात्र बाभळीनं त्यांच्या बोटांच्या पेरांवर कायमची टेंगळं आणली होती. त्याबद्दल ते बोलायचे नाहीत.

मग एका सकाळी अर्धांगाच्या झटक्यात त्यांचा उजवा हात गेला. तोंड वाचलं, पाय वाचले, हात तेवढा लुळा पडला. डॉक्टरांनी रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, की कुठं मार लागू देऊ नका. तिसऱ्या आठवड्यात काकांनी डाव्या हातानं बाभळीचा यो-यो सोडला. तीनदा तो पेरांवर आदळला आणि संध्याकाळपर्यंत हात मनगटापर्यंत जांभळा झाला. काकूंनी यो-यो कपाटात घातला आणि किल्ली कमरेला खोचली.

"लाकडाचं मार खाऊन मरायचंय यांना," त्या मला म्हणाल्या. "मी न्हाई देणार. तुम्ही बी द्या म्हणून सांगू नका."

काकांनी वाद घातला नाही. मी शेजारी बसलो तेव्हा हळूच म्हणाले, "एकदा डाव्यात परत आलं पायजे बे. एकदाच. म्हंजे मला कळंल, ह्यो हात शिकतंय का न्हाई."

मी काकूंकडे रबराची वकिली करायला गेलो. दातांची साक्ष काढली. काकूंनी माझा जुना यो-यो, त्याची रिंग परत चिकटवून आणलेला, हातात घेतला, विचार केला, आणि माझ्याच टाळक्यावर दोनदा ठोकून बघितला. "लागलं का?" "नाही." तिसऱ्यांदा जरा जोरात. "आता?" मग म्हणाल्या, "यांच्या लाकडाला लावा तसलं. मग देते."

किल्ली फिरली, बाभळीचा यो-यो माझ्या ताब्यात आला, आणि इथं मी माझ्या आयुष्यातली सर्वांत मन लावून केलेली चूक केली. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून मी ती कडेवर तर चिकटवलीच, पण काकांना कुठूनच लागू नये म्हणून आतल्या बाजूलाही वळवली, जिथून दोरी जाते तिथपर्यंत. दिसायला एकदम कंपनीचा माल.

तोल जाऊ नये म्हणून काकूंनी काखेत धरून काकांना दारात उभं केलं. काकांनी सोडला. यो-यो खाली गेला, वर निघाला आणि अर्ध्यात थांबून लोंबकळला. पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी तेच. आठ दिवस रोज सकाळी काका सोडायचे आणि रोज तो गुडघ्यापाशी येऊन मरायचा. मी रोज म्हणायचो, "होईल काका, सवय नाही ना डाव्याला." नवव्या दिवशी ते उभेच राहिले नाहीत. यो-यो तसाच माझ्या हातात दिला. "ह्यो बी हात गेलेलाच हाय बे. घेऊन जा."

मी घरी आलो. जेवण जाईना. सहज म्हणून गच्चीवर त्यांचा यो-यो सोडला, माझ्या धडधाकट उजव्या हातानं. तो खाली गेला, वर निघाला आणि गुडघ्यापाशी येऊन मेला. दहा वेळा सोडला. दहाही वेळा.

मी चपला न घालता खाली उतरलो. काका भिंतीकडं तोंड करून पडले होते.

"काका, हात चांगलाय तुमचा. रबर मी चुकीचं लावलं. आतून दोरी धरतंय ते."

काका वळले. माझ्याकडं बघत राहिले. "आठ दिवस मी ह्या हाताला शिव्या दिल्या."

"आता मला द्या."

त्यांनी दिल्या. तेलुगूत, सावकाश, एकेक. काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. अर्थ मी विचारला तर म्हणाल्या, "ते नका विचारू. तुमच्या आईला बरं वाटणार न्हाई."

मग काका उठून बसले आणि पुन्हा कारखान्यातले जॉबर झाले, माग दुरुस्त करणारे. "ब्लेड आण. आतलं सगळं काढ. दोरीच्या वाटंला काय नको. भायेरच्या काठावर राहू दे तेवढं, हाताला टेकतंय तिथं." मी कापत होतो, ते बोट फिरवून बघत होते. "अजून. अजून की बे. वाट मोकळी कर."

दारात उभे राहिले. काकूंचा हात काखेत. सोडला. यो-यो खाली गेला, क्षणभरच झोपला, आणि वर आला. डाव्या तळहातात, मऊ, आवाज न करता.

काकांनी दुसऱ्यांदा सोडला नाही. खुर्चीत बसले, दातांनी फास सैल करून बोटातून काढला आणि काकूंच्या बोटात घातला.

"अय्यो, मला कशाला?" काकू म्हणाल्या. चाळीस वर्षं संसार केला, पण त्या वस्तूला त्यांनी कपाटात ठेवण्यापलीकडं कधी हात लावला नव्हता. काका नुसतं हनुवटीनं 'टाक' म्हणाले. काकूंनी टाकला, धुण्याचा पिळा आपटावा तसा. यो-यो फरशीवर आदळला, उसळला, पाण्याच्या घागरीला लागून थांबला. काकूंनी दचकून डोळे मिटले.

"फुटलं?"

"फुटत न्हाई. परत टाक."

त्या दिवशी काकूंच्या हातात तो एकदाही परत आला नाही. पण त्या टाकत होत्या. दर वेळी त्या यो-यो दोन्ही हातांत घट्ट धरायच्या, आणि काका डाव्या हातानं त्यावर दोरी गुंडाळून द्यायचे.