दिघीच्या उतारावरचा ब्रेक

गुणाजी कोळ्याइतका घाबरट माणूस आमच्या पंचक्रोशीत दुसरा नव्हता, आणि तरी लोक आपली बायकापोरं त्याच्या जीपमध्ये निर्धास्त बसवत. खरं सांगायचं तर म्हणूनच बसवत. लढाईत तो लष्कराची जीप चालवायचा. तिकडे कुठल्याशा डोंगरात पुढच्या गाडीचा ब्रेक गेला आणि ती माणसांसकट दरीत गेली, ते त्याने डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून उतार दिसला की त्याच्या कपाळाला घाम फुटायचा. गुणाजी चढावरसुद्धा ब्रेक दाबतो, असं आम्ही म्हणायचो आणि खुशाल हसायचो.

जीप अहमदशेटची, लष्कराच्या लिलावातली. मी शेटच्या बोर्लीतल्या दुकानात कामाला होतो. पावसाळ्यात रस्ता बंद, त्यामुळे ते चार महिने जीप गुणाजीच्या अंगणात नारळीच्या झापांच्या आडोशाला उभी असायची. चोपन्न साली नारळी पौर्णिमा झाली, दिघीहून आगरदांड्याला लाँच सुरू झाली, आणि शेटने निरोप धाडला. बाळंतपणाला आलेली त्याची मासूमा तान्ह्या पोराला घेऊन खाडीपलीकडे सासरी जायची होती. गाडी तयार हवी होती.

खाऱ्या हवेने ब्रेक गंजून धरले होते. गुणाजीने चारही चाकं काढली, ड्रम उघडले, ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे लायनर घासूनपुसून ठेवले आणि रबरी वॉशर आणायला तो बोर्लीला आला. तिकडे अंगणात जीपच्या शेजारीच त्याच्या मेव्हण्याची होडी उपडी घातली होती. गुणाजीची बायको वेणूबाई त्या होडीला मुशी माशाचं तेल चोळत होती. त्या वासाने माझं तर डोकंच उठायचं.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा चाकं परत चढली होती आणि दोघं ब्रेकच्या नळीतली हवा काढत होती. वेणूबाई पेडलवर, गुणाजी गाडीखाली.

"दाब!" खालून आवाज यायचा. ती दाबायची.

"सोड!" ती सोडायची.

पेडल चांगलं कडक लागलं तेव्हा गुणाजीने जीप घरापुढच्या पुळणीच्या वाळूत फिरवली. थांबली. पुळणीत बैलगाडीसुद्धा आपोआप थांबते, हे त्या वेळी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना वेणूबाईने चाकावर थाप मारली. "आता न्हाय गंजायची," ती म्हणाली. गुणाजीने मान हलवली.

मासूमा पोराला घेऊन पुढे, मी सामानाबरोबर मागे. वाट खाचखळग्यांची, गाडी बैलाच्या चालीने चाललेली. दिघीचा उतार आला, खाली धक्का आणि खाडीचं पाणी दिसू लागलं. गुणाजीने ब्रेक दाबला. गाडी थांबायची राहिली, उलट पळू लागली. त्याने पुन्हा दाबला, मग पाय रोवून उभाच राहिला पेडलवर. त्याची मान लाकडासारखी ताठ झाली होती.

"ताई, पोराला आवळून धर!" तो ओरडला.

त्याने गिअर खाली पाडला. इंजिन किंचाळलं. हँडब्रेक ओढला, आणि डावं अंग जांभ्याच्या बांधाला घासत नेलं. दगडाचा चुरा माझ्या तोंडावर उडाला. मी देवाचं नावसुद्धा विसरलो होतो. गाडी थांबली तेव्हा पुढे धक्क्याच्या पायऱ्या होत्या आणि पायऱ्यांखाली पाणी. पोर टाहो फोडत होतं, मासूमा कलमा पुटपुटत होती.

तिला लाँचवर चढवून मी परत आलो. गुणाजीला मी नको नको ते बोललो. भीती ओसरली की माणसाला राग येतो, तसा मला आला होता. तो चाक काढत बसला.

"पेडल कडक हाय," तो पुटपुटला. "म्हंजे नळीत दोष न्हाय. चाकात हाय."

ड्रम निघाला. लायनर चकचकत होते. त्याने बोट फिरवलं, नाकाला लावलं आणि तो मटकन खाली बसला. मीही वास घेतला. मुशीचं तेल! तेलकट लायनर चाकाला धरत नाही, नुसता घसरतो. मासळी वाहून वाहून ती जीप कायमच घाणायची, म्हणून आधी कुणाला कळलं नाही.

"वेणूचं नाव नको काढू," तो मला म्हणाला. "शेटला काय सांगायचं ते मी सांगतो."

शेट आला तो पेटलेलाच. "माझी लेक होती रे गाडीत! दूधपितं पोर होतं!"

"मीच चोळलं तेल, शेट. गंजू नये म्हनून," गुणाजी खाली मान घालून म्हणाला.

"लष्करात हेच शिकलास? नवे लायनर मागवतो. त्याच उतारावर रिकामी गाडी थांबवून दाखव. नाही थांबली तर चावी दे आणि घरी बस."

लायनर आले, बसले. पण त्या दिवसांत गुणाजीला जेवण जाईना. त्या उताराचं नाव काढलं तरी पाय कापतात, असं तो मला म्हणाला. ठरल्या दिवशी आम्ही उताराच्या माथ्यावर जमलो. तो स्टीअरिंगपाशी बसला आणि इतक्यात वेणूबाई येऊन शेजारी बसली.

"उतर!" गुणाजी ओरडला.

"न्हाय. होडीला ज्यानं तेल चोळलं त्यानं पयल्या फेरीला होडीत बसायचं. माझ्या बापाच्या घरची रीत हाय." मग ती शेटकडे वळली. "तेल मी चोळलं, शेट. ह्यांनी न्हाय. ब्रेक तेलावर चालतो, असं हेच म्हनतात. मला वाटलं, जितकं तेल तितकं बरं."

शेट जीपसमोरून बाजूला झाला. गुणाजीच्या तोंडावरचं रक्त पार उतरलं. मी त्याला अनेकदा घाबरलेलं पाहिलं होतं, पण इतकं कधी नाही. त्याने गाडी सोडली. आम्ही मागोमाग धावलो.

ऐन उतारावर त्याने ब्रेक दाबला. जीप जागच्या जागी थांबली.

आम्ही पोचलो तरी तो दोन्ही पायांनी पेडल दाबून बसला होता.

"थांबली गाडी," वेणूबाई म्हणाली. "सोडा आता."

"तू आधी उतर."

ती उतरली, रस्त्याच्या कडेला बांधाला टेकून उभी राहिली, तेव्हा कुठे त्याने पाय उचलला.