पेशीला राग येत नाही

मे महिन्यातली दुपार. चटईवर आडवी होते. डोळे मिटतात न मिटतात तोच पंख्याचा आवाज दूर जातो आणि मी नववीच्या वर्गात उभी असते. बाकांच्या जागी लोखंडी खाटा आहेत. खिडकीशी रोशनी घाग बसली आहे. गणवेश, दोन वेण्या, औषधांनी सुजलेला चेहरा.

जानेवारीत ती गेली. ल्युपस. शरीरातल्या पांढऱ्या पेशी तिच्याच मूत्रपिंडांना मारत गेल्या. त्या पेशी म्हणजे आपले सैनिक, आपल्या माणसाला कधी हात लावत नाहीत, असं मीच शिकवलं होतं. दवाखान्यात तिनं विचारलं, "बाई, माझ्या सैनिकांना मी शत्रू का वाटले?"

"बरी हो, मग सांगते," म्हणून मी निघाले होते.

"आता सांगा," ती म्हणते.

मी खडू उचलते. "सैनिक वगैरे कुणी नसतं, रोशनी. पेशीला डोळे नसतात, शत्रू कळत नाही. तिच्यावर आकार असतात. दुसरा आकार त्यात बसला, की पुढचं आपोआप घडतं. तुझ्यात तो नको तिथे बसला."

"मुद्दाम नाही?"

"नाही."

"रागावून पण नाही?"

"पेशीला राग येत नाही गं."

ती पायाच्या अंगठ्याकडे बघत राहते. "ताईचे कानातले मी हरवले होते. सांगितलं नाही कुणाला. वाटलं, आतल्या सैनिकांना कळलं असेल."

फळा आता रुग्णालयाची हिरवट भिंत झाला आहे. खालून दवाखान्यामागच्या खाडीचं पाणी आत येतंय, खाटांच्या पायांना लागतंय.

"मग बाई, माझ्या बाजूनं लढलं पण कुणीच नाही?"

"तुझी आई होती. डॉक्टर होते. तू स्वतः होतीस."

"तुम्ही?"

"मी परत आलेच नाही," मी म्हणते. "काय सांगायचं ते सुचत नव्हतं. तू जाईपर्यंत अकरा दिवस होते माझ्याकडे."

ती रागावत नाही, तेच सोसत नाही. माझं मनगट धरते. "सुई टोचतायत. तुम्ही तिकडे बघा." आणि दुखतं तशी घट्ट आवळत जाते.

जाग येते. स्वयंपाकघरात नळ गळतोय. मी उठून खिडकीशी जाते, उजेडात हात धरते. मनगटावर नखांच्या चार खुणा आहेत. लहान, चंद्रकोरीसारख्या, अजून लाल.