देवळापुढं न हलता

शाळेतून निवृत्त झाल्यापासून बजाजनगरच्या आमच्या महिला मंडळात मी इतिहासावर बोलते. मागच्या हिवाळ्यात विषय घेतला होता, इजिप्तच्या पडक्या देवळांचे सुरुवातीचे फोटो. ते काढणारे लोक वाळवंटात तंबू ठोकायचे, आतल्या अंधारात काचेवर रसायन ओतायचे आणि काच ओली आहे तोवर फोटो घ्यायचे. खांब केवढा उंच ते कळावं म्हणून पायथ्याशी एखाद्या गाववाल्याला बसवायचे. तो हलला, तर फोटोत धड उमटायचाच नाही.

नुसतं सांगून मंडळात जांभया आल्या असत्या. म्हणून मी बिस्किटांच्या दोन पत्र्याच्या डब्यांना सुईनं भोकं पाडून कॅमेरे केले. ओळखीच्या एका जुन्या स्टुडिओवाल्यांनी आत फोटोचा कागद लावून दिला. फुलंब्रीच्या पुढं रानात एक पडकं दगडी देऊळ आहे. तिथं खांबाशी ह्यांना बसवलं. आमचे हे कंपनीत असताना मशीनशीसुद्धा बोलायचे.

"अहो, आता पापणीसुद्धा हलवू नका."

"मी काय लहान आहे का?"

"गप्प!"

भोकावरची पट्टी काढली आणि हे खरंच पुतळा झाले. तेवढ्यात शेजारच्या रानातून कळशी घेऊन एक बाई आल्या.

"भाऊ, कुठल्या गावचं तुम्ही?"

बाई आणखी जवळ आल्या.

"अवो भाऊ! बरं वाटंना का?"

मी डब्यामागून उठून हातवारे करेपर्यंत त्यांनी कळशीतलं पाणी ह्यांच्या तोंडावर मारलं.

"अवो बाई, फोटो काढायलेत माझा!" चपला तिथंच टाकून हे उडालेच.

सगळं कळल्यावर बाई पदर तोंडाला लावून हसल्या. मग म्हणाल्या, "सरका, म्या बसते."

दुसऱ्या डब्यापुढं बसल्या त्या अशा, की पदराची चुणीही हलली नाही.

स्टुडिओत कागद धुतले. पहिल्यात देवळाची भेग न् भेग आली होती, खाली धुरासारखा डाग आणि दोन चपला.

"मी कुठंय?" ह्यांनी विचारलं.

"घरी निघून गेलात," मी म्हटलं.

मंडळात हसून हसून पुरेवाट झाली. इजिप्तबद्दलही प्रश्न आले, पण आधी सगळ्यांना त्या बाईंचीच चौकशी.

नंतर त्यांचा फोटो द्यायला आम्ही दोघं गेलो. त्यांनी तो उन्हात धरून पाहिला.

"देऊळ लई मोठं आलंय वो. म्या एवढुशीच."

हे त्यांच्या मालकांशी कापसावर बोलत बसले. चहा दोनदा झाला तरी उठायचं नाव नाही. शेवटी मीच गाडीची किल्ली घेतली आणि निघाले, तेव्हा कुठं हे धावत आले.